आजोबांच्या वहीत "गिरणी बाळंतपण २४॥" – हे काय असावं?

लालबागचा_नातू

नमस्कार मंडळी. माळा आवरताना आजोबांची १९३१ सालची हिशेबाची वही सापडली. आजोबा गिरणीत साचेखात्यात (मागांवर) होते, आजी वायंडिंगला (सूत गुंडाळायच्या खात्यात). वही अर्धी मोडी, अर्धी बाळबोध. बहुतेक नोंदी लागल्या: वाणी, घासलेट, खोलीभाडं, भिशी, गावी मनिऑर्डर. मार्चच्या पानावर मात्र अडलो. तिथे लिहिलंय, "गिरणी बाळंतपण २४॥". आणि हे खर्चाच्या बाजूला नाही, जमेच्या बाजूला आहे!

प्रश्न दोन. एक, बाळंतपणात पैसे जातात एवढंच मला ठाऊक, ते आले कुठून? आणि पुढच्या दोन उभ्या काड्या कसल्या? दोन, माझे बाबा १९३४ चे आणि घरात सगळ्यांत थोरले. मग १९३१ साली बाळंतपण कुणाचं?

चहाबिस्किट

भिशी लागली असेल हो. हलके घ्या.

पंतोजी

दोन काड्या म्हणजे अर्धा. एक काडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. २४॥ म्हणजे साडेचोवीस रुपये, अर्थात चोवीस रुपये आठ आणे. आमच्या पिढीला पावकी-निमकी पाठ होती, तुमच्या पिढीला कॅल्क्युलेटर लागतो, त्याला कोण काय करणार.

जुनी_चाळ

पंतोजींचा हिशेब पुढे नेते. साडेचोवीस रुपये म्हणजे ३९२ आणे. त्याला आठने भागा. ४९ येतात. एकोणपन्नास दिवस, रोज आठ आणे. नातूसाहेब, तुमच्या आजीला मॅटर्निटी बेनिफिट मिळालेला आहे!

मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. प्रसूतीआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, असे सात आठवडे, मुंबईत रोजचे आठ आणे, तेही मालकाच्या खिशातून. अट एवढीच की त्या गिरणीत आधी सहा महिने काम झालेलं हवं. पुढे १९३४ मध्ये मुदत आठ आठवड्यांची झाली आणि सहा महिन्यांचे नऊ झाले. कौन्सिलात, म्हणजे इलाख्याच्या कायदेमंडळात, बिल आणलं होतं असवले यांनी. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं ते २८ जुलै १९२८ रोजी. त्यांचा मुद्दा असा की बाईला या काळात विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा भार खरा सरकारने उचलायला हवा; पण बाईच्या कामाचा फायदा मालक घेतो, म्हणून त्यानेही जबाबदारी घ्यावी. आजही कुठल्याही ऑफिसात हा वाद असाच चालतो.

लालबागचा_नातू

जुनी_चाळ, दंडवत! अंगावर काटा आला. मी आठ दिवस त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

निवृत्तबुवा

माहिती बरोबर, पण इतकं हुरळून जाऊ नका. रोजचे आठ आणे हे बाईच्या मजुरीपेक्षा कमीच होते. आणि बिल आलं तेव्हाच कौन्सिलात ओरड झाली होती की असा खर्च लादला तर गिरणीवाले बायकाच ठेवणार नाहीत. पुढे वीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण उतरत गेलं, हे खरंच आहे. चांगल्या हेतूने केलेल्या कायद्याने गरिबाचं नुकसान झालं, याचं हे नमुनेदार उदाहरण.

जुनी_चाळ

बुवा, अर्धवट सांगू नका. बायकांना रात्रपाळी बंद होती आणि गिरण्या रात्रपाळीकडे वळत होत्या. वायंडिंग-रिलिंगमध्ये नवी यंत्रं आली, तीच खाती बायकांची होती. सगळं पाप आठ आण्यांच्या माथी मारणं म्हणजे सुनेच्या पायगुणाने विहीर आटली म्हणण्यासारखं आहे.

निवृत्तबुवा

मी 'सगळं' म्हटलेलं नाही. परत वाचा.

चहाबिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

डॉ_रिकामटेकडी

धागा छान चाललाय म्हणून थोडं वैद्यकीय. त्या काळची मुंबई बाळांसाठी काय होती, हे कळल्याशिवाय ते ४९ दिवस कळणार नाहीत. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतली ६६६ मुलं गेली. हा शहराचा सरासरी आकडा. घराच्या खोल्यांप्रमाणे बघितलं तर चार किंवा जास्त खोल्यांत १३३, तीन खोल्यांत १९१, दोन खोल्यांत ३२२ आणि एका खोलीत ८२८. लालबाग-परळ म्हणजे एक खोली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हा आकडा ऐंशीच्या आसपास होता.

कोकणी_वाघ

८२८??? हजारातली फक्त पावणेदोनशे वाचायची? मग आपण सगळे इथे टंकतोय ते कसे? काहीही हं डॉक्टर.

डॉ_रिकामटेकडी

वाघोबा, शंका एकदम रास्त. सरकारी पुस्तकात हाच आकडा आहे, पण तो भागाकार फसवा आहे, आणि त्याचं कारण तुमचं कोकणच आहे :)

बायका बाळंतपणाला गावी जायच्या, विशेषतः पहिलटकरणी. जन्माची नोंद रत्नागिरीला किंवा साताऱ्याला, किंवा कुठेच नाही. दोन-तीन महिन्यांचं बाळ घेऊन बाई खोलीवर परत यायची आणि बाळ इथे दगावलं की मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा (मृत्यू) मुंबईचा पूर्ण आणि खालचा (जन्म) अर्धामुर्धा. शिवाय मढं पुरायला दाखला लागतो म्हणून मृत्यू नोंदला जाई. जन्म नोंदवायला कोण कशाला धावतंय? त्यामुळे खरा दर यापेक्षा बराच कमी असणार. पण एक खोली आणि चार खोल्या यांतली दरी नुसत्या भागाकाराने पडत नाही. दशकाच्या अखेरीस आकडा तीनशेच्या आसपास आला. त्यातलं किती नोंदणी सुधारल्याने आणि किती मुलं खरोखर जगल्याने, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत.

सुईणबाईंची_नात

माझी पणजी नाशिक जिल्ह्यातली सुईण होती, तेव्हा आयडीला जागून लिहिते.

पणजीच्या सासूकडे नाळ कापायला विळा असायचा. तोच गवताचा, तोच भाजीचा. नाळेवर राख नाहीतर शेण. मग सहाव्या-सातव्या दिवशी बाळाचं तोंड मिटायचं, दूध ओढेना, अंग ताठ व्हायचं. म्हणजे धनुर्वात. घरचे म्हणायचे सटवाईने नेलं. पणजीला तालुक्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी शिकवलं. सुईणींना शिकवायचा निधी १९०३ पासूनच होता म्हणे, पण आमच्या गावापर्यंत यायला त्याला पंचवीस वर्षं लागली. तिला एक पत्र्याची पेटी मिळाली होती. आत कात्री, दोरा, साबणाची वडी आणि नखं घासायचा ब्रश. त्या ब्रशवरून गावात केवढी थट्टा! "आली बामणीण घोडा घासायला" म्हणायचे. ती आधी पातेल्यात पाणी उकळायची, त्यात कात्री टाकायची आणि उकळी फुटेपर्यंत बाळंतिणीला हातसुद्धा लावायची नाही. बायका ओरडायच्या, अगं डोकं दिसतंय, चहा कसला करत बसलीस! ती म्हणायची, माझी कात्री शिजतीय.

"कात्री शिजली का?" हे आमच्या घरात अजून म्हणतात, कुणी तयारीतच वेळ काढला की.

चहाबिस्किट

"कात्री शिजतीय" उचलण्यात आलं आहे.

आडगाववाला

सगळं कबूल. पण आमच्या आजीची नऊ बाळंतपणं घरीच झाली, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. काही झालं नाही. हल्ली एका मुलाला सात डॉक्टर लागतात.

सुईणबाईंची_नात

नऊ झाली, राहिली किती, तेही सांगा की.

आडगाववाला

पाच.

...बरं. मुद्दा पोचला.

लंडनची_शेजारीण

डॉक्टरांनी इंग्लंडचं नाव काढलंय म्हणून. इथेही सगळं आपोआप झालेलं नाही. १९१८ च्या कायद्याने स्थानिक नगरपालिकांना आयांसाठी आणि बाळांसाठी केंद्रं चालवायचा अधिकार मिळाला: वजनकाटा, दूध, घरी येऊन बघणारी हेल्थ व्हिजिटर. बाळांचे मृत्यू १९२० मधल्या हजारी ऐंशीवरून १९३९ पर्यंत पन्नासच्या घरात आले. पण गंमत बघा, आयांचे मृत्यू मात्र हलेनात! हजार बाळंतपणांमागे चारच्या वर, तिशीच्या मध्यापर्यंत तसेच. वजनकाट्याने बाळंतज्वर थांबत नाही ना. सल्फाची (जंतुसंसर्गावरची) औषधं आली आणि १९३६ च्या कायद्याने पगारी सुईणी आल्या, तेव्हा कुठे ते उतरले.

गिरणगावकर

हा धागा उशिरा बघितला. आमची तिसरी पिढी परळची. तेव्हाच्या सोयी काय होत्या त्या सांगतो. पालिकेच्या नर्सबाई चाळीतून फिरायच्या, ते आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या काळापासून. परळला वाडियांचं प्रसूतिगृह १९२६ चं, शेजारी मुलांचं रुग्णालय १९२९ चं, केईएमही १९२६ चंच. म्हणजे आजी लोक ज्याला "वाडियात नाव घातलं" म्हणतात, ते सगळं पाच वर्षांच्या आत उभं राहिलं. १९२४ पासून बेबी वीक सुरू झाला, व्हाइसरॉयच्या बाईसाहेब लेडी रेडिंग यांनी काढलेला. गुटगुटीत बाळांना बक्षिसं. आमच्या चाळीत सांगतात की एकीने शेजारणीचं बाळ नेऊन बक्षीस आणलं, मग बक्षीस कुणाचं यावरून दोन वर्षं अबोला.

आता कडू गोष्ट. बाई अकरा तास गिरणीत गेल्यावर बाळ कुठे? एक तर मोठ्या बहिणीकडे, म्हणजे सहा वर्षांच्या पोरीकडे. नाहीतर बाळगोळी.

कोकणी_वाघ

बाळगोळी म्हणजे बाळगुटी का? जायफळ, वेखंड, हळकुंड?

गिरणगावकर

नाही हो. अफू.

डॉ_रिकामटेकडी

गिरणगावकर बरोबर सांगताहेत. १९२१-२२ मध्ये सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या लेडी डॉक्टरला गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं होतं. त्यांनी लिहून ठेवलंय की गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. अफूचं दुकान सरकारी परवान्याचं, कर सरकारला आणि पाहणीचा अहवालही सरकारलाच.

अफूने बाळ झोपतं, रडत नाही, भूक मागत नाही. पोट बसतं. दूध प्यायला उठतच नाही, म्हणून वाळत जातं, आणि वाळलेल्या बाळाला साधा खोकलाही पुरतो. मात्र त्या आयांना क्रूर ठरवू नका. बाळ दिवसभर रडलं तर शेजारीण सांभाळायचं नाकारायची, आणि घरी राहिलं तर नायकीण (गिरणीतल्या बायकांवरची मुकादमीण) दुसऱ्या दिवशी जागा दुसरीला द्यायची. जुन्या ग्राइप वॉटरमध्ये अल्कोहोल असायचं, ते सुशिक्षित घरांतून आपण सगळे चाटूनच मोठे झालो.

चहाबिस्किट

आत्ता कळलं माझं असं का झालं ते.

पंतोजी

अवांतर: त्याच १९२१ साली मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यांना लोकांनी शिव्या घातल्या. बाळ मेलं तर देवाची इच्छा, होऊ दिलं नाही तर मात्र पाप!

निवृत्तबुवा

पंतोजी, धागा हायजॅक नको.

डॉ_रिकामटेकडी

हायजॅकच करायचा तर माझा आवडता विषय घ्या. लूसी विल्स. १९२८ मध्ये ही इंग्लिश बाई परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत आली. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी बोलावलं होतं. त्यांनी स्वतः गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांवर काम केलेलं. प्रश्न हा होता की मुंबईतल्या गरीब गरोदर बायका पांढऱ्याफटक पडून का मरतात? रक्त तपासलं तर तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. नुसत्या लोहाने भागेना. बाईंनी वस्त्यांत जाऊन त्या काय खातात ते लिहून काढलं आणि तसाच आहार उंदरांना आणि माकडांना दिला. माकड आजारी पडलं. मग एक एक पदार्थ घालून बघता बघता माकड सुधारलं ते मार्माइटने. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचं काळं, खारट लेपण. स्वस्त. बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये छापून आलं. त्यातला गुणकारी भाग बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला जायचा, १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून काढल्यावर त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवतात, तिची अर्धी कूळकथा आपल्या परळची आहे. नातूसाहेब, तुमच्या आजीचं बाळंतपण आणि हा शोध, दोन्ही एकाच सालचे, एकाच भागातले.

लंडनची_शेजारीण

मार्माइट इथल्या प्रत्येक घरात टोस्टला लावतात आणि त्याला मुंबईचा वास आहे हे कुणालाच ठाऊक नाही! उद्या ऑफिसात सांगते. (चव मात्र जळक्या आमसुलासारखी.)

जुनी_चाळ

वाचनखूण साठवली, डॉक्टर.

नातूसाहेब, तुमचा दुसरा प्रश्न मात्र राहिलाच. वहीत त्या नोंदीच्या पुढे काय आहे? आणि बाळगोळीची नोंद आहे का कुठे?

लालबागचा_नातू

बघितली. आणि मन खट्टू झालं.

एप्रिलच्या पानावर "बा. गोळी" चार वेळा आहे. मी ते बाकीची गोळी, बंदुकीची गोळी, काय वाट्टेल ते वाचत होतो. मेमध्ये ही नोंद नाही, पुढेही कुठे नाही. मेमध्ये मोठा खर्च एकच, "हर्णै बोट २". चार दिवसांनी "हर्णै बोट १". मग जूनपासून पुन्हा वाणी, घासलेट, भाडं.

म्हणजे जे समजायचं ते समजलो. बाबांच्या आधी एक होतं आणि ते गेलं. कुणी कधी बोललं नाही.

सुईणबाईंची_नात

:( आजीची आठवण आली.

आडगाववाला

वाईट वाटलं. प्रत्येक घरात असं एखादं नाव न ठेवलेलं असतं.

गिरणगावकर

थांबा जरा. मूल गेलं तर मे महिन्यात बोटीने हर्णैला कशाला जातील? पावसाळ्यात बोटी बंद होतात, म्हणून गावी काही पोचवायचं असेल तर मे हाच शेवटचा महिना. जाताना तिकिटं दोन, येताना एक. तान्ह्याला तिकीट लागत नाही. तुमच्या घरात अजून कुणी म्हातारं माणूस आहे का? विचारा.

लालबागचा_नातू

(दोन दिवसांनी)

मंडळी, धाकट्या आत्याकडे जाऊन आलो. ती ८४ वर्षांची आहे, कान गेलेत पण बाकी तल्लख. वही दाखवली, मोठ्याने ओरडून विचारलं, आत्या, बाबांच्या आधी कोण होतं? माझ्याकडे असं बघितलं जसं मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलंय. म्हणाली, "अरे, आक्का!"

आक्का म्हणजे दापोलीची बयोआत्ते. दर मे महिन्यात आम्ही तिच्याकडे राहायचो, घावनं खायचो. मी जन्मभर समजत होतो की ती बाबांची चुलत नाहीतर मामेबहीण. बाबा तिला आक्का म्हणायचे. घरात सगळ्यांत थोरला माणूस कुणाला आक्का म्हणेल, हा विचार साठ वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही!

आत्याने सांगितलं ते असं. आजी महिन्याने कामावर गेली, बाळ शेजारच्या म्हातारीकडे, गोळी चालू. एका संध्याकाळी परत आली तर पोर उठेचना. पाणी मारलं, पाय चोळले, रात्री उशिरा डोळे उघडले. आजीने त्याच आठवड्यात भावाला बोलावून घेतलं आणि त्याच्यासोबत बोटीने माहेरी गेली. पोरीला आईच्या मांडीवर ठेवून चार दिवसांत एकटी परत आली. मामा गावातच राहिला, म्हणून येताना तिकीट एक. पुढे पोर आजोळीच वाढली, तिथूनच लग्न झालं. आजीला ती आई न म्हणता ताई म्हणायची. लपवाछपवी काहीच नव्हती, फक्त मला कुणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं मला माहीतच असेल.

बयोआत्ते २००९ साली गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगली, सात नातवंडं बघितली.

कोकणी_वाघ

अरे वा!! आणि आम्ही इथे श्रद्धांजली वाहून मोकळे झालो होतो.

आडगाववाला

माझी :( मागे घेतो. म्हणजे ती माझी नव्हती, पण घेतो.

डॉ_रिकामटेकडी

माझ्या त्या भागाकारात बयोआत्ते उलटी बसते! जन्म मुंबईच्या नोंदवहीत, माणूस कोकणात. अशा किती असतील.

जुनी_चाळ

पण एक प्रश्न अजून आहेच. आजी गावी न जाता मुंबईतच का बाळंत झाली? पहिलटकरीण होती ना?

निवृत्तबुवा

सोपं आहे. साडेचोवीस रुपयांसाठी. जन्माचा दाखला दाखवल्याशिवाय मालक कशाला देईल, आणि गावातून दाखला आणणार कोण? तुमच्या कायद्याने काहीतरी केलं म्हणायचं.

जुनी_चाळ

बुवा, हे कौतुक आहे की टोमणा?

निवृत्तबुवा

तुम्हीच ठरवा.

लालबागचा_नातू

आत्याला तेही विचारलं. तिला माहीत नाही. पण पैशांचं काय केलं ते माहीत होतं. पंधरा रुपये गावी, घर शाकारायला. उरलेल्यांत आजीने पितळेची कळशी घेतली. ती कळशी बयोआत्तेच्या सुनेकडे आहे, दिवाळीत फोटो काढून टाकतो.

चहाबिस्किट

घावनांची पाककृती पण आणा.